लाखोळीवरून तीन फेरे

भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा बघण्यासारखे डोंगर बहुतेक गोंदियाच्या वाट्याला गेले. नागझिरा तिकडे, नवेगावबांध तिकडे, दरेकशाचा घाट तिकडे. आमच्याकडे वैनगंगा राहिली, आणि ती स्वभावाने सपाट आहे. वाटणी करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या वेळी जिल्ह्यात घाटातून हिंडवावी अशी गाडीच कोणाकडे नव्हती. माझी सहा वर्षांनी आली, तोवर डोंगर गेलेले होते.

गाडी लाल. दोन सीटांची, वरून उघडी, उंचीला माझ्या कमरेपर्यंत. नागपूरच्या एका दातांच्या डॉक्टरांनी ती हौसेने घेतली होती आणि मणक्यामुळे विकली. बनवणारा कारखाना त्याआधीच बंद पडला होता, त्यामुळे तिचा एखादा भाग तुटला की तो जगातून गेला असं समजायचं. आतलं इंजिन साध्या घरगुती गाडीचं. स्पोर्ट्स कार म्हणून ती फक्त उभी असताना ओळखू यायची. पण पहाटे कारधा गावातल्या माझ्या घरासमोर तिच्यावरचं कापड काढलं की मला जे वाटायचं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. माझ्या विषयात त्याला एकक नाही.

अकरा वर्षांत त्या गाडीतून मी एकटा एकदाही गेलो नव्हतो. आमच्याकडे गाडीतली मोकळी सीट ही गावाची मालमत्ता असते. सेल्फचा आवाज आला की कोणीतरी फाटकाशी हजर, "सर, तिकडंच जाऊन राहिले ना?" तिकडे म्हणजे कुठे हे तो नंतर ठरवायचा. त्या सीटवर बसून दोन बाळंतिणी घरी गेल्या. एक मुख्याध्यापक निवृत्तीच्या दिवशी शाळेपासून घरापर्यंत रडत गेले. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत गाडी सगळ्यांत पुढे असायची आणि बाजूच्या सीटवर बाबासाहेबांचा हार घातलेला फोटो. त्या प्रवासाबद्दल माझी तक्रार नाही. बाकीचे सगळे बोलायचे.

मला एवढंच हवं होतं: एक डोंगर, त्यावरून जाणारा रस्ता, गाडी, आणि बाजूला कोणी नाही. एकदा. हे मी दर उन्हाळ्यात पुढच्या हिवाळ्यावर ढकलत आलो आणि मार्च उजाडला. गाडीची पंधरा वर्षं भरली. पुन्हा पासिंग करायला जे मागचे दोन दिवे हवे होते ते कुठेच मिळत नव्हते. शेवटी रायपूरचा एक हौशी माणूस भेटला. तो अशा गाड्या शेडमध्ये झाकून ठेवतो, चालवत नाही. गाडी चालू हालतीत पाहिजे एवढीच त्याची अट. उद्या सकाळी तो ट्रक घेऊन येणार होता. म्हणजे माझ्याकडे आजचा दिवस होता.

"एकटेच?" रीना म्हणाली. माझी बायको नर्स आहे. माणूस एकटा कुठे जातो म्हणाला की तिला आधी लक्षणं दिसतात.

"आंबागडाच्या मागून जंगलातला रस्ता आहे. डोंगर चढून नाकाडोंगरीच्या बाजूला उतरतो. उतरताना सात वळणं आहेत."

"कोणी मेलं का तिकडं?"

"नाही."

"मग कायले जाऊन राहिले?"

"असंच."

एकोणीस वर्षांच्या संसारात मी हे उत्तर पहिल्यांदाच दिलं होतं. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि म्हणाली, "भंडारा पार होईपर्यंत बसंलच कोणी तुमच्या बाजूले. तुमच्या तोंडातून 'नाही' निघत नाही. मले माहीत आहे ना, मी तशीच आली या घरात."

मग ती आत गेली आणि रिकामा गॅस सिलिंडर गडगडत घेऊन आली. तो सीटवर उभा करून त्याला पट्टा लावला. "घ्या. सिलिंडरले कोणी ऊठ म्हणत नाही."

पुलाच्या तोंडाशी मधुकरराव उभे होते. निवृत्त तलाठी, आमच्या शेजारचे. ते कुठेतरी जायला नाही, कोणाबरोबर तरी जायला उभे असतात.

"अश्वजित, तुमसर का जी?"

"हो. पण जागा नाही, काका."

त्यांनी सिलिंडरकडे बघितलं. सातबारा वाचतात तसं, वरपासून खालपर्यंत. "याले मांडीवर घेतो ना मी. रिकामंच दिसते."

"भरलेलं आहे," मी म्हणालो. मग मला जोर चढला. "आणि थोडं गळतंसुद्धा."

मधुकरराव दोन पावलं मागे सरले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खोटं बोलण्याचा उपयोग झाला होता. वैनगंगा ओलांडताना मी शीळसुद्धा घातली.

वरठी, मोहाडी, तुमसर. तुमसरच्या राइस मिलांचा भुसा डोळ्यांत जाऊन मी एवढा रडलो की सिग्नलवर एका बाईने "काय झालं जी?" म्हणून विचारलं. आंबागडपासून रस्ता अरुंद झाला, दोन्ही बाजूंनी पळस पेटलेला, मोहाखाली सारवलेल्या जागा, आणि वर किल्ल्याचा डोंगर. डोंगर तसा बेताचा आहे. सह्याद्रीकडचा माणूस त्याला टेकाड म्हणेल. पण वाटणीनंतर जे उरलं त्यात तो आमचा आहे. इंजिनाचा आवाज बदलला, चढ लागायची चाहूल लागली, आणि एका वळणावरून पुढे रस्ता दिसेनासा झाला. त्याच्यावर लाखोळी पसरलेली होती.

धान निघाल्यावर त्याच बांधीत, म्हणजे भातखाचरात, ओलीवर येणारं हे कडधान्य. वाळलं की झाडासकट उपटून डांबरी रस्त्यावर पसरायचं. येणारी-जाणारी गाडी त्यावरून जाते, शेंगा फुटतात, दाणे मोकळे होतात. मळणीयंत्र सरकारी डांबराचं, डिझेल परक्याचं. ऊर्जेच्या वापराचं यापेक्षा चोख उदाहरण मला पाठ्यपुस्तकात मिळालेलं नाही. अडचण एवढीच की त्या रस्त्याला परके फार नव्हते.

"थांबा थांबा, सायेब!" साठीची एक बाई दोन्ही हात पसरून रस्त्यात आली. शकुनबाई. मागे तिची सून रुखमा, हातात काठी. "हळू जा जी. अन् मंग मांगं येऊन जा."

"मागे?"

"एक फेरा मारून द्या. सकाळपासून एक बी गाडी नाई आली. एक सायकल आली, थे बी हातात धरून."

रुखमाने गाडीभोवती अर्धी चक्कर मारली. "आत्याबाई, हिच्यानं काय दाने निंगतीन? हे तं आधीच दबून गेली हाय."

मी नाही म्हणणार होतो की नव्हतो, हे आता सांगता येणार नाही. रीनाचं मत मघाशी आलेलंच आहे. पण गाडीला कोणी दबलेली म्हटलं हे मला लागलं. मी एक फेरा मारला. लाखोळी चाकांखाली तडतडली, शकुनबाई खूश झाली. दुसरा मारला. रुखमा म्हणाली, "बरी चालते की." म्हणून तिसरा मारला. तिसऱ्याच्या मधोमध शकुनबाईने हात वर केला.

"इथंच राहा जी. बाजूचं पलटवून घेतो."

मी राहिलो. इंजिन चालू ठेवून, लाखोळीच्या ढिगावर, पळसाकडे बघत.

आता हिशेब सोपा आहे. गाडीचं पोट रस्त्यापासून पाच इंच. लाखोळीचा थर सहा इंच. तापलेला सायलेन्सर, वाळलेला पाला, वारा मंद. ज्वलनाच्या तिन्ही अटी मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे, आणि चौथी अट, एक शिक्षक वर बसलेला असणे, ही अनावश्यक होती.

"सायेब, धूर येऊन राहिला," रुखमा म्हणाली.

"सायलेन्सरचा आहे."

"नाई जी. सीटच्या खालून येऊन राहिला."

मी पहिला गिअर टाकला. पुढच्या चाकांना आणि आसाला वेलीचे इतके वेढे बसले होते की गाडी एकदा हुंदका दिल्यासारखी हलली आणि बंद पडली. मी उतरून वाकून बघितलं. पोटाखाली लहानशी, नीटनेटकी ज्योत होती.

शकुनबाई म्हातारी असली तरी चपळ. ती झाडाखालचा पिण्याच्या पाण्याचा गुंड उचलून धावत आली. दोन हातांवर आली असेल, तेवढ्यात तिला सीटवर पट्टा लावून बसलेला सिलिंडर दिसला.

"माय वं!" ती म्हणाली, आणि गुंडासकट परत फिरली. रुखमा आधीच सागाच्या झाडामागे पोचली होती. जंगलात मोह वेचणाऱ्या चार बाया, ज्यांचा या प्रकरणाशी संबंध नव्हता, त्याही टोपल्या घेऊन उठल्या.

"रिकामं आहे!" मी ओरडलो.

"असंच म्हनतेत सगळे!" सागाच्या मागून आवाज आला.

"खरंच रिकामं आहे हो! पाणी टाका!"

"मंग फिरवून कायले राहिले त्याले?"

याचं उत्तर लांब होतं आणि वेळ नव्हता. मी पट्टा ओढला. एरवी खड्ड्यात आपोआप सुटणारा तो पट्टा आज सुटेना. बोटं भाजली, शर्टाची बाही काळी झाली, शेवटी सुटला. सिलिंडर छातीशी धरून मी जिकडे पाणी होतं तिकडे धावलो. पाणी शकुनबाईच्या कमरेवर होतं. मी धावलो की ती धावायची. एका बांधीतून दुसऱ्या बांधीत आम्ही तिघं, ती, मी आणि सिलिंडर, काही अंतर असेच गेलो. माझ्या मागे गाडी जळत होती, माझ्यापुढे पाणी पळत होतं आणि दोन्हींच्या मध्ये मी रिकामा सिलिंडर घेऊन. शेवटी माझ्या लक्षात आलं. मी सिलिंडर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ठेवला आणि त्याच्यापासून लांब जाऊन हात वर करून उभा राहिलो, पोलिसांपुढे राहतात तसा. मग शकुनबाईने सिलिंडरला मोठा वळसा घातला, रस्त्यावर गेली आणि गुंड उपडा केला. आम्ही माती टाकली. रुखमाने काठीने जळता पाला ओढून काढला. मोहवाल्या बायांपैकी एकीने आपली ओली चिंधी दिली. दहा मिनिटांत विझलं.

वरून गाडी तशीच होती. लाल, चकचकीत. खालून ती कढईसारखी झाली होती. मी आत बसून किल्ली फिरवली. सेल्फ नाही, दिवा नाही, साधी टिकटिकसुद्धा नाही. खालून जाणाऱ्या सगळ्या तारा एकमेकींत वितळून गेल्या होत्या. उद्या सकाळी रायपूरचा ट्रक येणार होता.

शकुनबाई रस्त्यावर बसून लाखोळी पाखडत होती. "दाने तं चांगले निंगले," ती म्हणाली.

रुखमाने दोन दाणे तोंडात टाकले. "भाजलेले बी हायेत. बरे लागतेत."

"इंजन गेलं का जी?"

"तारा गेल्या."

"आमच्यासाठी केलं तुमी," शकुनबाई म्हणाली, आणि पदराने सीटवरची राख पुसू लागली. इतकं मनापासून की रागवायला जागाच राहिली नाही. मी म्हणालो, "असू द्या." दुसरं काय म्हणतात ते मला कोणी शिकवलेलं नाही.

मोबाईलला रेंज नव्हती. दुपार चढली. त्यांनी मला भाकर आणि लाखोळीचीच भाजी दिली, ती मी खाल्ली. तीनच्या सुमाराला ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत मांडवाचे बांस आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. चालक तुलाराम, डोक्याला दुपट्टा. मी त्याला सगळं सांगून गाडी तुमसरपर्यंत ओढशील का विचारलं.

"तुमसरले कायले जाऊ जी? मांडव नाकाडोंगरीच्या अंगाले हाय. तिकडं चालत असाल तं बांधतो."

"तिकडे मेकॅनिक आहे?"

"नाई. पन मांडव हाय."

मी विचार करत होतो तेवढ्यात शकुनबाई त्याला म्हणाली, "तुल्या, बांधशील मंग. आधी एक फेरा मार गा."

त्याने मारला. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बघितलं. ट्रॅक्टरची मागची चाकं माझ्या गाडीपेक्षा उंच होती आणि त्यांना काहीही झालं नाही.

मग त्याने दोर बांधला. सिलिंडर घ्यायला मात्र तो तयार होईना. "थे राहू द्या इथंच."

"अरे, रिकामं आहे."

"रिकामं हाय तं मंग राहू द्याले काय झालं?"

या युक्तिवादात चूक कुठे आहे हे मला अजून सापडलेलं नाही. सिलिंडर शकुनबाईच्या धुऱ्यावर राहिला. मी एकटा गाडीत बसलो.

दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीत चालकाला एकच काम असतं. पुढचा जिकडे वळेल तिकडे आपल्यालाही वळायचंच होतं असं दाखवणं. चढ सुरू झाला. उजवीकडे दरी असावी, डावीकडे जंगल असावं. मला समोर दोनशे खुर्च्या दिसत होत्या, एकमेकींत बसलेल्या, निळ्या, प्रत्येकीच्या पाठीवर कोणाच्यातरी स्मरणार्थ असं लिहिलेलं. ट्रॅक्टरचा सगळा धूर माझ्याकडे येत होता. गाडी उघडी होती, ते तिचं वैशिष्ट्य. अकरा वर्षं ज्या चढाची मी वाट पाहिली तो मी ताशी आठ किलोमीटरने चढलो, डोळे मिटून, तोंडाला रुमाल लावून.

माथ्यावर तुलाराम थांबला, उतरला आणि दोर सोडायला लागला.

"का सोडतोस?"

"उतारावर मांगची गाडी पुढच्यावर चढते, सायेब. तुमी निंगा पुढं. तुमाले काय, उतारच हाय. मी येतो मांगून."

"तू पुढे जा ना."

"माह्या ट्रॉलीले ब्रेक जरा कमी हाय. तुमी पुढं बरे."

म्हणजे ब्रेक कमी असलेला तो मागे, आणि इंजिन बंद असलेला मी पुढे. इंजिन बंद असलं की पेडल दोन-तीनदा दबतं आणि मग दगड होतं. हे मी त्याला समजावणार होतो. तोवर त्याने मागून पाय लावून गाडी ढकलली होती.

पहिलं वळण मला आठवत नाही. हातांनी घेतलं असावं.

दुसऱ्यानंतर आवाज ऐकू आला, म्हणजे आवाज नाही हे ऐकू आलं. टायरांची बारीक सळसळ, कानांतून जाणारा वारा, आणि खूप खाली कुठेतरी एक भारद्वाज. इंजिन नव्हतं. बोलणारं कोणी नव्हतं. गाडी आपल्या वजनाने चालली होती आणि मी फक्त तिचं तोंड धरून होतो. तिसरं वळण उजवीकडे, आणि दरी एकदम उघडली. झाडांच्या माथ्यांवरून लाल, तपकिरी, मग धुरकट, मग नुसतं ऊन. सीट रिकामी होती. तिच्यावर लाखोळीचे पाच-सहा दाणे होते, ते प्रत्येक वळणावर या कडेचे त्या कडेला जात होते. मला थांबून बघायचं होतं. पेडलवर दोन्ही पाय देऊन उभा राहिलो असतो तरी गाडी थांबली नसती. चौथं वळण आलं आणि दरी मागे गेली.

पाचव्यावर एक कालवड रस्त्यात उभी होती. मी हॉर्न दाबला. हॉर्नची तार कढईत होती. "ए! हाल! हाल माय!" मी ओरडलो. तिने मान वळवली, एक लाल, आवाज नसलेली वस्तू ओरडत येताना बघितली, आणि सावकाश बाजूला झाली. तिच्या शेपटीचा फटका आरशाला बसला. सहाव्याला मी हसत होतो. कोणाला दिसत नव्हतं, म्हणून चेहरा सारखा करायची गरज नव्हती.

सातव्यानंतर उतार संपतो. हे नकाशात दिसत नाही. आधी वारा कमी झाला. मग टायरांची सळसळ वेगळी ऐकू येऊ लागली, मग एकेक खडा. मी पुढे झुकलो. छातीने स्टेअरिंग ढकललं. बाहेरून लावलेलं बळ आणि आतून लावलेलं बळ यांतला फरक मी दरवर्षी शिकवतो, पोरांना तो कळत नाही. मलाही त्या वेळी पटला नाही. एका मोरीपाशी, सावलीच्या अलीकडे, गाडी थांबली.

मोबाईल खिशात थरथरला. इथे रेंज होती. रायपूरच्या माणसाचा निरोप होता: नमस्कार सर, गाडी चालू असल्याचा छोटा व्हिडिओ पाठवा.

मागून ट्रॅक्टरचा धडधडाट आला. तुलाराम ब्रेकवर उभाच होता. "थांबत नाई जी!" तो माझ्या बाजूने जाताना ओरडला. "मांडव टाकून येतो!" खुर्च्या खडखडत वळणाआड गेल्या. त्यांची धूळ हळूहळू बॉनेटवर बसली.

त्याला परत यायला सव्वा तास लागला. तोवर मी दार उघडलं नाही, आत एकटाच बसून राहिलो.